मामांच्या हातचा रंग

नाटक कंपनीत त्यांना सगळे मामा म्हणत. खरं तर ते कुणाचेच मामा नव्हते, त्यांना बहीणच नव्हती. पण रंगपटात, म्हणजे नट जिथं चेहरा रंगवून घेतात त्या खोलीत, एकोणीस वर्षं उभा राहिलेला माणूस कुणाचा ना कुणाचा मामा होतोच. आरशाभोवती बारा दिवे, त्यातले तीन कायमचे गेलेले. समोर एक उंच खुर्ची आणि टेबलावर ओळीनं मांडलेले ब्रश. त्या ब्रशांना दुसऱ्या कुणी हात लावला की मामांच्या नाकाला मिरच्या झोंबत.

मामांचा मान होता तो एका नाटकामुळे. कंपनीचं हुकमी नाटक म्हणजे एक जुनी शोकांतिका. परमुलखातून आलेला, काळ्या वर्णाचा एक शूर सेनापती, त्याची सालस बायको आणि सेनापतीच्या कानाला लागलेला एक गोडबोल्या मित्र. मित्र बायकोबद्दल नाही नाही ते सांगतो, सेनापतीला ते पटतं आणि शेवटी तो स्वतःच्या हातानं तिच्या ओठांना विषाचा पेला लावतो. खरं काय ते कळतं तेव्हा पेला रिकामा झालेला असतो.

सेनापतीचं काम करणारा नट गोरापान. त्यामुळे प्रत्येक प्रयोगाआधी सव्वा तास तो मामांच्या खुर्चीत. तीन डब्यांतले तीन रंग, वर थोडं तेल आणि थेंबभर लाल मिसळून मामा जो तपकिरी रंग करत, तो आजवर कुणाला साधला नाही. त्याला खोड एकच, तो जिथं तिथं लागायचा. कॉलरला, पडद्याला, नायिकेच्या पांढऱ्या झग्याला. मिठीचा प्रवेश झाला की झग्याच्या खांद्यावर हमखास डाग पडे आणि दुसऱ्या दिवशी मामी तो घासून काढत.

मामी म्हणजे मामांची बायको. कपडेपट त्यांच्याकडे होता. रंगपट आणि कपडेपट यांच्यात एक फळ्यांची भिंत होती आणि या दोघांचा निम्मा संसार त्या भिंतीतूनच चाले. "कात्री कुठंय?" "खिळ्याला." "चहा घेतलात का?" "गार झाला." मूलबाळ नव्हतं. पण घरी जाताना दोघं एकाच छत्रीतून जात, आणि छत्री कुणी धरायची यावरून रोज भांडत.

मग जुन्या नटाचे गुडघे गेले आणि मालकांनी नवा सेनापती आणला. हा माणूस जन्मानंच काळा, आईबाप दूरच्या मुलखातून आलेले, जिभेवर किंचित वेगळा हेल. आवाज मात्र असा, की शेवटच्या रांगेतला पेंगणारा माणूसही सावरून बसे. कंपनीनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, पाहुणे.

पाहुणे रीतीप्रमाणं खुर्चीत येऊन बसले. मामांनी डबे उघडले. तेवढ्यात मालक दारातून म्हणाले, "मामा, यांना कशाला? यांना देवानंच रंगवून पाठवलंय!" सगळे खो खो हसले. पाहुणेही हसले, जरा उशिरा. मामा हसले नाहीत. दोन मिनिटं पावडर फिरवली की काम संपलं. एकोणीस वर्षांची कला डब्यात बंद झाली.

रिकाम्या खुर्चीत मग मास्तर येऊन बसायला लागले. मास्तर म्हणजे कंपनीचे प्रॉम्प्टर. विंगेत वही घेऊन उभं राहायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, हे त्यांचं काम. सगळं नाटक तोंडपाठ, पण प्रेक्षकांनी तोंड कधी पाहिलेलं नाही. जुना नट गेल्यावर सेनापती आपल्याला मिळणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तिथं पाहुणे आले. मास्तरांच्या पोटात दुखत होतं, आणि औषध त्यांनी मामांच्या घरात शोधलं.

"पाहुण्यांचं माप अजून झालं नाही वाटतं?" मास्तर म्हणायचे. "मामी रोज घेताहेत."

मामा ब्रश पुसू लागले.

"मी आपलं सहज बोललो. माझ्या मनात काही नाही हो." आणि उठता उठता, "ही बाहेरची माणसं. त्यांच्यात म्हणे सगळं चालतं."

आता गंमत बघा. हेच सोंग, हीच गोड जीभ मामांनी विंगेतून शेकडो वेळा पाहिली होती. दर वेळी ते चुकचुकून म्हणायचे, "काय हलक्या कानाचा आहे हा सेनापती!" पण दुसऱ्याच्या कानात ओतलेलं विष दिसतं, आपल्या कानातलं दिसत नाही. मामा फळ्यांना कान लावून उभे राहू लागले. पलीकडून मामींचं हसू ऐकू येई. ही आपल्याशी अशी कधी हसली होती, हे ते आठवत बसत. घरी जाताना छत्रीवरून भांडण होईना. छत्री मामा निमूट धरत.

एका दुपारी, तालमीच्या मधल्या सुट्टीत, मामी सगळ्यांसाठी चहा घेऊन रंगपटात आल्या. त्यांच्या फिक्या ब्लाउजच्या खांद्यावर तपकिरी डाग होता. हाताच्या पंजाएवढा, थोडा फासलेला. मामांनी एकोणीस वर्षं असला डाग पाहिला होता, आणि तो कशाचा असतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"कळलं कुठून आलीस ते!" ते ओरडले. "सेनापतीच्या मिठीतून!" मग पाहुण्यांकडे वळून ते आणखीही बोलले. तुमची जात, तुमचा रंग, तुमची माणसं. एवढी वर्षं पोटात कुठं होतं कोण जाणे, भडाभडा बाहेर पडलं. मास्तर वहीत डोकं घालून बसले होते.

पाहुणे उठले. टेबलावरचा पांढरा टॉवेल त्यांनी पाण्यात बुडवला, पिळला आणि आपल्या गालावर जोरजोरात घासला. मग तो उघडून मामांच्या समोर धरला. टॉवेल पांढराच्या पांढरा होता.

"आमचा लागत नाही, मामा," ते म्हणाले आणि टॉवेल खुर्चीवर ठेवून निघून गेले.

मामींनी हातातला ट्रे खाली ठेवला. "जुन्या सेनापतीचा कोट उसवत होते सकाळपासून," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांना बसवायचा म्हणून. खांद्यावर टाकला होता. तुमचाच रंग आहे तो. तुमच्या हातचा." त्यांनी चहाचे कप गोळा केले, धुतले, आणि त्याच संध्याकाळी त्या भावाकडे गेल्या.

पाहुण्यांनी आठवडाभरात कंपनी सोडली. मालकांनी दुसरा नट आणला, गोरा. मामांची खुर्ची पुन्हा भरली. त्यांना जे हवं होतं ते सगळं मिळालं. आता ते रोज सव्वा तास एका गोऱ्या माणसाला काळं करत आणि आरशात बघायचं टाळत. भिंतीपलीकडे नवा शिंपी आला होता, तो कामापुरतं बोले. मास्तर अजून वही धरून उभे असत. "माझ्या मनात काही नव्हतं हो," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांचं काही बिघडलं नाही. घरी मामा एकटे जेवत. दोन माणसांचा स्वयंपाक करायची सवय हाताला होती, ती जाता जाईना. उरलेलं सकाळी खात. बोलायला कुणी नाही, म्हणून कधी कधी ते रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं देत.

चार महिन्यांनी त्यांनी धीर केला आणि मेहुण्याच्या घरी गेले. दार मामींनीच उघडलं. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"माझं चुकलं," मामा म्हणाले. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलं होतं, एवढंच राहिलं. "मला माफ कर."

"ते मी कधीच केलंय," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता आणि डोळे भरले होते. "मला काय तिकडची आठवण येत नाही असं वाटतं तुम्हाला?"

"मग चल ना घरी."

मामींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. हो म्हणतील असं वाटत होतं. पण मामांचे डोळे तिथं नव्हते. दाराजवळ पुरुषाच्या नव्या कोऱ्या चपलांचा जोड होता. आत येतानाच तो त्यांच्या नजरेत भरला होता, आणि आता त्यांच्याही नकळत नजर पुन्हा तिकडं गेली होती.

"दादाच्या आहेत त्या," मामी म्हणाल्या.

"मी विचारलं कुठं?"

"नाही ना. तेव्हाही नव्हतं विचारलंत."

मामांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि ते उठले. मामींनी त्यांना थांबा म्हटलं नाही.