गाठ केवढी निघाली

निमगाव साव्याच्या धोंडाबाईला खोटं बोलता येत नसे. नवरा सोपान बैलांचा दलाल. बेल्ह्याच्या बाजारात तो बैलाची खोड झाकायचा आणि घरी आलेल्या गिऱ्हाइकाला धोंडाबाई ती सांगून टाकायची. "माझ्या धंद्याची साडेसाती," असं तो तिला चारचौघांत म्हणायचा.

सोपानच्या लिव्हरमध्ये गाठ सापडली, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. बरगडीखाली पोट उघडलं तर सगळं हाताला लागतं, पण जखम मोठी, भरायला महिने जातात. दुर्बिणीनं केलं तर चार भोकांवर भागतं, माणूस लवकर उठतो. आधी दुर्बीण घालून बघू, नाही जमलं तर उघडू, असं ठरलं. धोंडाबाईनं त्या मोठ्या जखमेचीच धास्ती घेतली होती.

डॉक्टर फार लवकर बाहेर आले. आत जागोजागी बारीक पुटकुळ्या पसरल्या होत्या; आता गाठ काढून उपयोग नव्हता. काहीच न काढता त्यांनी भोकं शिवून टाकली होती. आदल्या पेशंटच्या माणसांना त्यांनी ट्रेमध्ये काढलेली गाठ दाखवली होती. तिला दाखवायला काही नव्हतं.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक बाई पोटभर टाके घेऊन कण्हत होती. धोंडाबाईला त्या कण्हण्याचा हेवा वाटला.

शुद्धीवर येताच सोपाननं पोट चाचपलं. "फाडलं न्हाई! गाठ निघाली ना?"

"निघाली," ती म्हणाली.

घरी आल्यावर बेल्ह्याचा भरत, त्याचा बाजारातला जोडीदार, भेटायला आला. सोपाननं शर्ट वर केला.

"बघ राव, चार भोकं. पोरीचे कान टोचल्यागत."

"आन् गाठ केवढी व्हती, वहिनी?"

"कैरीएवढी."

"वहिनी, तुमी बी दलाल झाल्या की! एवढ्याशा भोकातनं कैरी? फोडी करून काढली का, लोणच्याला?"

सोपान पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला. त्यानं एकेक टाका बोटानं चाचपला. कैरी बाहेर यायची तर कुठंतरी चार बोटं चीर हवी. ती कुठंच नव्हती. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती पदराच्या दशा ओढत होती.

त्यानं शर्ट खाली केला. "भरत, गोठ्यातली जोडी तू घेऊन जा."

"का रं? महिन्याभरात तूच उभा ऱ्हाशील बाजारात."

"ने म्हंतो ना. आजच ने."

भरत दावी सोडायला गेला.