दाबून धरलेलं बटण

मी होमगार्डमध्ये एकोणीस वर्षं काढली. शिक्षण चौथी, भरतीला तेव्हा तेवढं चालत होतं. शेवटच्या पावसाळ्यात ड्यूटी तेरला लागली, तेरणा नदीवरच्या जुन्या, बसक्या पुलावर. मी सेक्शन लीडर. माझ्या हाताखाली शबाना शेख, वय सव्वीस.

दर रविवारी सात ते नऊ परेड, मग वायरलेसचा वर्ग. वर्ग सुरू झाला की मी हजेरीवर सही करायची आणि चहा सांगायला म्हणून बाहेर पडायची. यायची ती वर्ग सुटल्यावर. प्लाटून कमांडरना माहीत होतं. पण वयानं मोठ्या बाईला कोण बोलणार? खरं तर पोरीसोरींसमोर चुकायची मला भीती होती. ते कबूल करायची लाज वाटे, म्हणून मी चेष्टा करायची.

बंदोबस्तावर शबाना वायरलेसचा सेट पुढं करायची.

"मावशी, शिका की. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एवढंच हाय."

"ठेव तुझं डबडं. माझा आवाज तसाच धाराशिवपर्यंत जातो."

"जातो ओ. पण तिकडचा इकडं येत न्हाय ना."

त्या दिवशी दुपारी दोनला पाणी पुलाला टेकलं. दोन्ही टोकांना दोरी बांधून रस्ता बंद केला. पावणेतीनला पलीकडून एक मोटारसायकलवाला दोरी उचलून आत शिरला आणि मधोमध बंद पडला. पुलावर घोटाभर पाणी. शबानानं सेट माझ्या हातात दिला.

"कंट्रोलला सांगा. मी त्याला काढते."

मी बटण दाबलं. "हॅलो, पुलावर माणूस अडकलाय." उत्तर नाही. मी आणखी जोरात दाबलं, आणखी मोठ्यानं ओरडले. बटण सोडलंच नाही. ते दाबलेलं असलं की पलीकडचं ऐकू येत नाही, हे वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी बाहेर होते.

बोट दुखलं तेव्हा सुटलं. लगेच आवाज आला.

"कंट्रोल टू पूल. तिसऱ्यांदा कॉल देतोय. वरून पाणी सोडलंय. माणसं मागं घ्या. ओव्हर."

मी हाका मारल्या. शबाना मागून गाडी ढकलत होती. लोंढा दिसताच तो मोटारसायकलवाला गाडी टाकून पळाला, काठाला लागला. ती मागं राहिली. तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खालच्या अंगाला बाभळीत सापडली. तो माणूस मातीलासुद्धा आला नाही.

चौकशीत बटणाचं कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. पुढच्या रविवारी वर्गात पुढं जाऊन बसले. दहा मिनिटांत आलं. या वयात शिकलात, म्हणून एकीनं कौतुक केलं. तिला म्हटलं, गप बस.

मग शबानाच्या आईकडं गेले.

तिनं विचारलं, "पोरीचं काय चुकलं का बाई?"

"न्हाय. माझं चुकलं." सगळं सांगितलं. आता सेट चालवता येतो, हेही सांगितलं.

"मग आता कशाला शिकलात?" ती म्हणाली आणि आत गेली.

शबानाला पोहता येत नव्हतं. तरी ती पुलावर गेली. मी काठावर उभी होते.