रत्नम्माच्या दारावरची फुली

पोलिओच्या फेरीला निघालेल्या आशाताईच्या, म्हणजे गल्लीतल्या आरोग्यसेविकेच्या, हातात खडू असतो. घरातल्या सगळ्या लेकरांना थेंब मिळाले की दारावर P काढायचा. एखादं राहिलं किंवा घरच्यांनी नको म्हटलं, की X. गल्लीत त्याला एक्स कुणी म्हणत नाही, फुली म्हणतात. रत्नम्मानं आशाताई म्हणून अकरा वर्षांत दुसऱ्यांच्या दारांवर अशा पुष्कळ फुल्या काढल्या आणि पुन्हापुन्हा जाऊन पुसूनही घेतल्या. यंदाच्या फेरीत मात्र एक फुली तिला स्वतःच्या दारावर काढावी लागली.

रत्नम्मा पन्नाशीची, ठेंगणी. दारातून हाकललं तर खिडकीतून बोलणार, अशी. एका घरानं तिच्या अंगावर कुत्रं सोडलं, तर दुसऱ्या दिवशी बाई पदरात भाकरी बांधून हजर. आठवड्यात कुत्रं तिचं झालं आणि महिन्यानं घरसुद्धा. बायकांशी बोलताना तिचं एक हमखास वाक्य असायचं, "काय होत न्हाय गं, मुंगी चावल्यागत हाय." त्या वाक्यावर तिनं निम्मी गल्ली टोचून घेतली होती.

हेच वाक्य तिनं आपल्या मुलाला, मल्लेशला सांगितलं होतं. मल्लेश नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला. त्याची लेक सिद्धी दीड महिन्याची झाली तेव्हा तिला पहिली इंजेक्शनं दिली. संध्याकाळी पोरगी तापानं फणफणली. रडून रडून तिचा आवाज बसला. रत्नम्मा त्या वेळी पलीकडच्या वस्तीत सर्व्हेला गेलेली, मोबाईल पिशवीत. मल्लेश आणि त्याची बायको दानेश्वरी लेकराला खांद्यावर टाकून घरभर फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण मल्लेशच्या मनातून काही उतरलं नाही. "माझ्या लेकीला आता सुई न्हाय आणि थेंबबी न्हाय," त्यानं जाहीर केलं. पुढचं काम मोबाईलनं केलं. लसीचं नाव काढलं की तो आईला लसीविरुद्धचे व्हिडिओ दाखवायचा.

सिद्धी दहा महिन्यांची झाली आणि मागच्या गल्लीत गोवर निघाला. दोन लेकरं आजारी पडली, त्यातल्या एकाला छातीत कफ होऊन दवाखान्यात ठेवलं. सिद्धीला गोवरची लस नव्हती. रत्नम्माला घास गोड लागेना. गल्लीभरच्या लेकरांची यादी तिच्या पिशवीत आणि जीव अडकलेला घरातल्या पाळण्यात.

तिच्या वरच्या सुपरवायझर बाईंनी तिला तोडगा सुचवला, "सरळ सांगा की लस सक्तीची आहे म्हणून. कार्डाशिवाय शाळेत नाव घालणार नाहीत म्हणा."

"तसा कायदा न्हाय बाई," रत्नम्मा म्हणाली. "उद्या त्याला कळलं, तर माझं खरं बोलणंबी त्याला खोटंच वाटंल."

दानेश्वरीनं दुसरा तोडगा काढला. "आत्या, हे दुकानात गेले की आपण गुपचूप नेऊन आणू. त्यांना कोण सांगतंय?"

रत्नम्माला मोह झाला. खोटं कशाला सांगू, लई मोह झाला. पण तिनं मान हलवली. "बाप हाय तो तिचा. चोरून टोचली आणि पुन्हा ताप आला, तर त्याला काय तोंड दाखवायचं?"

आणि बोलता बोलताच ती थांबली. म्हणजे ताप येतो हे तिला ठाऊक होतं की! ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की टोचल्यावर कुठली लस दिली ते सांगा, काय त्रास होऊ शकतो ते सांगा, पुढची तारीख सांगा आणि कार्ड जपायला सांगा. बाकीचं ती सगळं सांगायची. त्रासाचं तेवढं अकरा वर्षं गिळत आली होती, कारण ताप म्हटलं की बायका पळतात. परक्यांना सांगितलं नाहीच, पोटच्या पोरालाही नाही. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पोलिओची फेरी होती. शेजारचं दार झालं आणि रत्नम्मा आपल्या दाराशी आली. तिनं खडू घेतला आणि चांगली ठसठशीत फुली काढली.

"दिव्याखाली अंधार की गं रत्नम्मा!" समोरची सारजाबाई ओट्यावरून हसली.

"व्हय, हाय अंधार. म्हणून तर पांढऱ्या खडूनं दिसंल असं लिवलं," रत्नम्मा म्हणाली आणि पुढच्या दाराला गेली. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही, इतकी ती पेटली होती.

त्या दिवसापासून तिचं हमखास वाक्य बंद झालं. पुढच्या लसीकरणासाठी निरोप देताना ती दारोदार सांगू लागली, "ताप येऊ शकतो. मांडीला गाठ येते, लेकरू किरकिरतं. ताप एक-दोन दिवसांत उतरतो. न्हाय उतरला तर मला हाक मार, मी येते." दोन बायकांनी तिथल्या तिथं दार लावून घेतलं. वरच्या बाई चिडल्या, असलं सांगायला कुणी सांगितलं म्हणाल्या. "तुमीच की, ट्रेनिंगला," रत्नम्मा म्हणाली. आणि ती त्या दोन्ही दारांना पुन्हा गेली.

फुली काढली त्या संध्याकाळी मल्लेश दुकानातून आला तो दारातच थबकला. "अव्वा, स्वतःच्या दारावर? लोक हसतेत की."

"हसू दे. खोटा P काढू व्हय?" रत्नम्मानं त्याला खाली बसवलं. "मल्लेश, त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले. ताप येतो हे मला ठाऊक हुतं. तू भिशील म्हणून सांगितलं न्हाय. चूक माझी हाय."

आईनं चूक कबूल केल्याचं मल्लेशनं जन्मात ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "कायदा हाय का, टोचायलाच पायजे म्हणून?"

"न्हाय. बाप तू हायस, ठरवायचं तू. पण गोवर काय तुला इचारून यायचा न्हाय."

"आणि ताप आला तर तू कुटं असशील?"

"हितं. तुझ्या शेजारी."

त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिनंही पुन्हा विषय काढला नाही, आणि रत्नम्मासाठी गप्प बसणं म्हणजे केवढी तपश्चर्या! पण बुधवारी अंगणवाडीत लसीकरण सुरू झालं, तेव्हा रांगेच्या शेवटी मल्लेश उभा होता. दुकानातून सुट्टी काढलेली, कडेवर सिद्धी आणि मागं दानेश्वरी. त्याची पाळी आल्यावर रत्नम्मानं त्याला परक्या बापाला सांगावं तसं सगळं सांगितलं. कुठली लस, काय त्रास, पुढची तारीख, कार्ड. तो एकेक शब्द ऐकत होता.

"टोचा सिस्टर," तो लस देणाऱ्या नर्सला म्हणाला. "थेंबबी द्या राहिलेले."

त्या दिवशी रत्नम्मा काम आटोपून थेट घरी आली आणि पाळण्याशी बसली. दिवेलागणीला सिद्धी किरकिरू लागली. मल्लेशनं तिच्या कपाळाला हात लावला.

"अव्वा, आला ताप," तो म्हणाला. "तू म्हणालीस तसाच."

सिस्टरनं दिलेलं औषध त्यानं स्वतः पाजलं, फडकं ओलं केलं आणि लेकीला मांडीवर घेतलं. इतकी वर्षं शिव्या खाऊन, कुत्री अंगावर घेऊन कधी न रडलेली रत्नम्मा पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

"आता तू कशाला रडतीस?" मल्लेश तिच्याजवळ सरकत म्हणाला. "दोन दिवसांत उतरतो की. तूच सांगितलंस न्हवं?"