ताऱ्याला खेटून फिरणारा ग्रह

अंबरनाथच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा गणिताच्या एका सीनियर बाईंनी मला धाकट्या बहिणीसारखं जवळ केलं. मी त्यांना ताई म्हणायचे. मधल्या सुट्टीत आमचा डबा एकत्र, शाळा सुटल्यावर शिवमंदिरापर्यंत चालणंही एकत्र.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. ताईंनी रविवारच्या पुरवणीत वाचलं, की दूरच्या ताऱ्यांभोवती गुरूएवढे वायूचे ग्रह सापडलेत आणि ते ताऱ्याला अगदी खेटून फिरतात. काहींचं वर्ष तर चार दिवसांत संपतं.

"यंदाच्या विज्ञान प्रदर्शनाला हेच करू या," त्या म्हणाल्या. "बाकीच्या शाळा ज्वालामुखीच आणणार."

उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात जाऊन आम्ही बल्ब, छोटी मोटर आणि थर्माकोलचा गोळा घेतला. "मॅडम, गणपती को तो अभी टाइम है," दुकानदार म्हणाला. ताई रिक्षात बसेपर्यंत हसत होत्या. मग रोज शाळा सुटल्यावर दोघी प्रयोगशाळेत. गोळा बल्बसमोरून गेला की उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा किंचित खाली यायचा. असा ग्रह प्रत्यक्ष दिसत नाही; ताऱ्याचा उजेड एवढासा कमी होतो, त्यावरून कळतो. पहिल्यांदा काटा हलला तेव्हा ताईंनी मला मिठीच मारली.

प्रदर्शन बदलापूरला होतं. आमच्या नववीतल्या मुलीने सगळं न अडखळता सांगितलं. परीक्षकांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"वायूचा गोळा ताऱ्याला चिकटून फिरेल? जळून नाही जाणार? कुणी शिकवलं हे?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "सर, मी हिला आधीच सांगितलं होतं, पुस्तकाबाहेरचं नको म्हणून. नवीन आहे ना, ऐकत नाही."

परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले. ताईही त्यांच्यामागून गेल्या.

परतताना रिक्षात मी विचारलं, "ताई, असं का म्हणालात?"

"मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी माझं नाव वर गेलंय. परीक्षक शिक्षण खात्यातले, त्यांच्याशी वाद घालणं मला परवडणार नाही. तू लहान आहेस, तुझं काय बिघडतंय?"

त्यांना ती जागा मिळाली. मी डबा वर्गातच खायला लागले. त्यांनी कधी बोलावलं नाही, हे जास्त लागलं.

पण त्याआधी, प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी ती नववीतली मुलगी माझ्या टेबलापाशी आली. "बाई, तो ग्रह खोटा होता का?"

"नाही गं, खराच आहे." मी तिला समजावलं. जळायला तिथे ऑक्सिजन नाही. शिवाय ग्रह इतका जड, की तापलेला वायूही सहजासहजी सुटत नाही. थोडाफार निसटतो, एवढंच. तिला ते पटलं.

"मग गणिताच्या बाई तसं का म्हणाल्या?"

मी तिला फळा पुसायला सांगितलं.