बाबीच्या लॉरीची झोप

१९५७ साल. मार्गशीर्ष महिना. लालबागेत सकाळी अंगावर घोंगडी घेऊन चहा प्यावा, इतपत थंडी होती.

गॅरेजात एक डबा असतो. उघडलेली गाडी पुन्हा जोडली की एखादा नट, एखादा वायसर उरतोच. तो कुणी फेकत नाही. डब्यात जातो. किस्से तसेच साठतात. माझ्याकडे साठलेले बरेचसे त्या एका हिवाळ्यातले आणि एकाच गाडीचे आहेत.

गाडी बाबीची. बाबी मालवणकडचा. मालक तोच, ड्रायव्हर तोच. ब्रह्मदेशच्या लढाईत वापरून लष्करानं लिलावात काढलेली पेट्रोलची लॉरी. गिरणीतून कापडाच्या गाठी भरायच्या आणि बंदरावरच्या गोदामात उतरवायच्या, हे तिचं काम. मी मेस्त्री. चार बुकंही शिकलो नाही, पण लालबाग-परळात इंजिनाचं कुणाला विचारायचं, तर मला. माझ्याबरोबर कांबळे, नायगावच्या चाळीतला. वायरिंग तो बघायचा.

* * *

आजार असा. स्टार्टर मारला की इंजिन फिरायचं. खर्र-खर्र फिरत राहायचं, पण पेट घ्यायचं नाही.

आमच्या गॅरेजात स्टार्टर मारताना कुणी बोलायचं नाही, अशी रीत होती. इंजिन काय सांगतं ते ऐकायचं. चहावालासुद्धा कपबशी हातात धरून थांबायचा. मी डोळे मिटायचो. गिरणीतून उडालेला कापूस हवेत तरंगत असायचा, कुणाच्या मिशीवर, कुणाच्या खांद्यावर बसायचा. ते खर्र-खर्र ऐकताना मला वाटायचं, ही बिघडलेली नाही. झोपेत कूस बदलते आहे.

कांबळे म्हणायचा, "मेस्त्री, ती अजून ब्रह्मदेशात आहे. तिला लढाई संपल्याचं कुणी सांगितलंच नाही."

पेट्रोलचा काटा केव्हाच मेला होता. म्हणून मी आधी टाकीचं झाकण काढून वेताची काठी बुडवायचो. पेट्रोल भरपूर. मग स्टार्टर. आणि गाडी चालू! बाबी माझ्या हाताला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावायचा. मेस्त्रींचा हात लागला की लॉरी उठते, असं चाळीतून पसरलं. मी कुणाला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा झोपायची.

* * *

एकदा हिंदमाताला बंद पडली, ऐन साड्यांच्या दुकानांसमोर. एका दुकानातले म्हातारे नोकर बाहेर आले. बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, हिचं तोंड चुकीच्या दिशेला आहे, पूर्वेला करा.

कांबळे हसला, पण चारजणांनी ढकलून तोंड पूर्वेला केलं. कांबळेनं सवयीनं टाकीत काठी बुडवून बघितली, स्टार्टर मारला आणि गाडी चालू झाली.

त्यानंतर बाबी गिरणीच्या दारातही गाडी पूर्वेला तोंड करून लावायचा. म्हणजे रस्त्यात आडवी. वॉचमन शिव्या घालायचा. बाबी शांतपणे म्हणायचा, "सूर्याक बघता ती. तुका काय त्रास?"

* * *

मग मोर्चा. परळला लॉरी मध्येच झोपली आणि मागून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आला. हलत नाही म्हटल्यावर लोकांनी तिचं व्यासपीठ केलं. एक शाहीर डफ घेऊन वर चढला. बाबी खाली उभा, छाती काढून. आपली गाडी चळवळीच्या कामाला आली, याचा त्याला अभिमान होता.

इन्स्पेक्टर आला. गाडी हलव म्हणाला. बाबीनं स्टार्टर मारून दाखवला. खर्र-खर्र. इन्स्पेक्टरला वाटलं, पेट्रोल नसताना नाटक करतोय. त्यानं स्वतः टाकीचं झाकण काढून आत वाकून पाहिलं, लावलं आणि म्हणाला, "आता मार."

गाडी चालू! शाहीर वरच, डफ वाजतोय, आणि लॉरी चालली पोलिसांच्या मागोमाग.

चाळीत आठवडाभर बाबीशी कुणी धड बोललं नाही. जो तो म्हणे, "बाबी, तू आपला आहेस रे. पण गाडी तुझी सरकारला सामील."

* * *

हसणं तिथं संपलं. गोदामाच्या मुकादमानं बाबीला सांगितलं, आणखी एक खेप चुकली तर गाठी दुसऱ्या लॉरीत जातील. बाबीच्या घरात दुसरी कमाई नव्हती. कुर्ल्याचा भंगारवाला येऊन टायर दाबून गेला. सोमवारी गाडी ओढून नेतो म्हणाला.

मी आणि कांबळेनं प्लग बदलले. पॉइंट घासले. कॉइल बदलली. पंप उघडून साफ केला. गाडी दोन खेपा करायची आणि झोपायची. आता चाळीत म्हणत, मेस्त्रींचा हात म्हातारा झाला.

रविवारी दुपारी मी लॉरीच्या पायरीवर बसलो होतो. रस्ता रिकामा. गिरणीचं धुराडं थंड. गाडी झोपलेली, मीही पेंगलेलो. बाबीची आई आली. तिला सगळे आयेच म्हणत. हातात रोजच्यासारखा तेलात कालवलेला शेंदूर. तिनं चाकांना बोट लावलं. मग टाकीच्या झाकणावर शेंदूर थापला आणि अंगठ्यानं दाबून दाबून बसवला.

मी विचारलं, "आये, तिथं कशाला?"

"ती थंयसूनच जेवता ना? मगे तोंडाक देवाचा बोट लागाक नको?"

मी उठलो. झाकण फिरवलं. आत हवा शिरली. लांब, खोल, एखादा माणूस झोपेतून उठताना घेतो तसा श्वास. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते जुन्या-नव्या शेंदराच्या थरांनी लिंपलेलं होतं. टाकीत हवा नाही, तर पेट्रोल पुढं सरकणार कसं? पंपानं ओढून ओढून किती ओढावं? कुणी झाकण काढायचं, तेवढीच हवा तिला मिळायची.

मी हाक मारली, कांबळेनं येऊन पिनेनं भोक मोकळं केलं. लॉरी उठली. बंदरापर्यंत गेली आणि आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. मी आयेला म्हटलं, "यापुढं बॉनेटला लावा. कुंकू कपाळावरच शोभतं."

* * *

संध्याकाळी गॅरेजपुढं सगळी चाळ जमली. भंगारवाल्याला निरोप गेला होता. बाबीनं सर्वांसमोर विचारलं, "मेस्त्री, काय होता ता? कोणामुळं माझी इतकी वाट लागली?"

आये कडेला उभी होती. पदराला अंगठा पुसत होती. शेंदूर निघत नव्हता. ती एकदा अंगठ्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

चळवळीच्या सुरुवातीला संचारबंदी लागली, तेव्हा माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या. सुईण येईना. रस्त्यात बंदुका घेऊन पोलीस. तो रस्ता ही बाई एकटी ओलांडून आली. माझा मुलगा हिच्या हातात जन्मला. त्याबद्दल ती पुन्हा कधी एक शब्द बोलली नाही.

मी म्हणालो, "चूक माझी. पंप मीच उलटा बसवला होता."

मागं कुणीतरी हसलं. कांबळेनं पिन खिशात टाकली.

फिटलं.