लोसीच्या अंगाचं माप

छाप्याच्या पाटावर कापड ताणायला दोघी लागतात. एकीनं कडा धरून ओढायची, दुसरीनं रंगाचा बोळा घासायचा, म्हणजे पाटावर कोरलेली पानंफुलं कापडावर उठतात. बेटावरच्या आपिया शहरात, बाजारामागच्या दुकानात सापिना आणि लोसीनं सारा जन्म हेच केलं. लोसी ओढायची, सापिना घासायची. लोसी ऑकलंडला लेकाकडे गेली, तेव्हापासून सापिना कापडाच्या कडेवर समुद्रावरचे काळे दगड ठेवते. दगड कापड घट्ट धरतात, पण कोणाची सून कोणाशी भांडली ते सांगत नाहीत.

शाळेत असताना चर्चच्या सिस्टरांच्या शिलाई मशीनवर दोघींनी पहिली पुलेतासी शिवली. लांब झगा आणि खाली पायघोळ लुंगी. ती लोसीच्या अंगावर बेतली आणि तिथून लोसीच त्यांचं माप झाली. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की सापिना डोळे बारीक करून म्हणायची, "लोसीपेक्षा दोन बोटं आत." पाद्रीबाईंना एकदा "लोसी आणि वर अर्धी लोसी" म्हणाली, तर त्या वर्षभर रुसल्या. पुढे त्यांच्याच मुलींच्या लग्नाचे कपडे इथेच शिवले गेले, ते वेगळं.

चर्चच्या सुवर्णमहोत्सवाला लोसी येणार होती. सगळ्या बायकांना एकाच छाप्याचं कापड. परत राहायलाच ये, असं सापिना फोनवर म्हणाली, तेव्हा लोसी "बघू" म्हणाली होती. सापिनानं त्या 'बघू'वर घर बांधलं. शेजारची मालाए कापड धरायला यायला तयार होती, तिला नको म्हणाली. लोसीचं स्टूल धुऊन उन्हात ठेवलं. आणि सगळ्यांत आधी लोसीची पुलेतासी कापली. टेप लावायचा प्रश्नच नव्हता.

शनिवारी लोसी आली, कोको प्यायली, पडद्याआड जाऊन झगा घालून आली. गळा खांद्यावरून घसरला. कंबरेशी एवढं कापड उरलं की त्यात आणखी एक बाई मावली असती.

सापिनानं तोंडात टाचण्या धरल्या, म्हणजे बोलावं लागणार नाही.

"म्हण की, शिवणं बिघडलं," लोसी म्हणाली.

सापिनानं टाचण्या काढल्या. "माझं शिवणं कधी बिघडलंय?"

"नाही ना? मग काय बिघडलंय ते कळलं तुला."

मूत्रपिंडं गेली होती. एक दिवसाआड दवाखाना, लेक हात धरून नेतो. राहणं जमणार नव्हतं.

"फोनवर सांगायचं होतंस."

"फोनवर अंग दिसत नाही गं. तेवढीच तुझ्या डोळ्यांत मी जाडी राहिले."

सापिना कात्री घेऊन झग्याची शिवण उसवायला बसली. लोसीनं झगा तिच्या हातातून ओढून घेतला, अगदी कापड ओढायची तसाच, फक्त जोर नव्हता. "याला हात लावू नकोस. हा राहू दे इथे. नाहीतर लोकांचे कपडे कशावरून कापशील? मला दुसरा शिव."

म्हणून सापिनानं जन्मात पहिल्यांदा लोसीला टेप लावला. दंड, छाती, कंबर. आकडे तिनं मोठ्यानं म्हटले नाहीत. रविवारी लोसी सगळ्या बायकांच्या रांगेत नीट बेतलेल्या कपड्यात उभी राहिली, आणि कोणाला काही दिसलं नाही. म्हणजे शिवणं उत्तमच झालं होतं.

लोसीचं विमान सोमवारी गेलं.

काही दिवसांनी मालाएची पुतणी लग्नाचे कपडे शिवायला आली. सापिना पाटाशी बसली होती, कडेवर दगड. पोरगी हसत म्हणाली, "काकी म्हणते, मी लोसीपेक्षा दोन बोटं आत आहे."

सापिनानं खुंटीवरचा लोसीचा झगा काढून पोरीच्या खांद्यांना लावला. त्यात हवा शिरली तसा तो भरून आला. सापिनानं बाजूला उरलेलं कापड बोटांनी मोजलं.

"तीन," ती म्हणाली, आणि झगा परत खुंटीला अडकवला.