आपलं विमान पडता कामा नये

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी बडोद्यात गणितात पीएच.डी. करत होते. विषय पाठलागाचा. क्षेपणास्त्र मागे लागलंय, पुढचं विमान जॅमर लावून त्याच्या रडारला गोंधळात टाकतंय, तर दोघांनी कसं खेळावं? माझा धाकटा भाऊ हवाई दलात वैमानिक, म्हणून हा विषय मीच मागून घेतला होता. घराणं संस्थानी फौजेतलं. शहरातल्या वाडी भागातल्या आमच्या घरी दसऱ्याला पणजोबांच्या तलवारीशेजारी भावाच्या टोपीवरचा बिल्लाही पूजेला लागायचा.

समोरचा आपल्याइतकाच हुशार आहे असं धरून चाला, हे माझ्या मार्गदर्शक सरांनी आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलं होतं. त्याच सरांनी आमच्या संगणकावरच्या प्रोग्रॅममधलं क्षेपणास्त्र ठार मूर्ख करून ठेवलं होतं. जॅमर लागला की ते बावळटासारखं भलतीकडे निघून जायचं. खरं क्षेपणास्त्र जॅमरचा गोंगाट कुठून येतोय ते हेरून त्या गोंगाटावरच चाल करू शकतं. आंधळ्या कोशिंबिरीत तोंड उघडणाराच पकडला जातो, हे पोरासोरांनाही कळतं. मी सरांच्या कानीकपाळी ओरडले. सर म्हणाले, "तसं धरलं तर समीकरणं सुटत नाहीत."

मग दिल्लीहून हा प्रकल्प मंजूर करणारे संरक्षण खात्याचे पाहुणे आले. पडद्यावर आपलं निळं विमान आणि शत्रूचं लाल क्षेपणास्त्र. विमान निसटलं की टाळ्या. पुन्हा निसटलं, पुन्हा टाळ्या. चांगली शिकलीसवरलेली माणसं, सर्कशीला आल्यासारखी! मला शिसारी आली. संगणकापाशी मीच बसले होते. क्षेपणास्त्राला गोंगाटामागे जायला लावणारी ओळ मी जोडली आणि खेळ पुन्हा सुरू केला. विमानानं जॅमर लावला, क्षेपणास्त्र वळलं आणि नेमकं त्याच्यावर जाऊन आदळलं.

सर लगबगीनं माझ्यापाशी आले. "अगं बेन, आपलंच विमान पडताना दाखवतात का? जवा दे ने, सोडून दे! पहिलंच लाव."

पाहुण्यांतले मोठे साहेब हसून म्हणाले, "रिपोर्ट में पहलेवाला ही रखिए." आणि मंडळी सेव-उसळ खायला गेली. उसळीची झणझणीत तरी ओरपत त्याच तोंडानं देशाच्या संरक्षणावर बोलत होती. मी अहवालातलं माझं नाव काढायला लावलं आणि पीएच.डी.वर पाणी सोडलं. स्वभावाला औषध नाही, असं सर सगळ्यांना सांगत फिरले. अहवाल मंजूर झाला.

दिवाळीत भाऊ रजेवर आला तेव्हा जेवताना मी त्याला हे सगळं सांगितलं. घास हातात धरून तो ऐकत राहिला.

"म्हणजे ताई, मागे लागलं तर जॅमर बंद करायचा?"

"बंद कर आणि वळ."

"आणि त्या अहवालावरून चालू ठेवायचा हुकूम असला तर?"

आई तूप वाढायला आली, म्हणून त्यानं विषय बदलला.